खोट्या पाण्यातला भोवरा

आमच्या गावच्या, हट्ट्याच्या स्टँडवर वसमतची एसटी लागली तेव्हा अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात माझ्या सरकारी नोकरीची ऑर्डर होती. घामानं भिजू नये म्हणून तिची घडी करून त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. ती नोकरी मी आठ दिवसांपूर्वीच नको म्हणून सांगितली होती आणि आता हैदराबादला निघालो होतो. पण गाडीत पाय ठेवता ठेवता तरी लेकरू भानावर येईल, असा माझ्या वडिलांना अजून भरवसा होता. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून टाइम हाय. सांजपर्यंत हजर होता येतं." मी नाही म्हणून मान हलवली. मग ते जे बोलले ते मी पुढं दोन देशांत आणि पाच भाड्याच्या खोल्यांत बरोबर घेऊन फिरलो. "खऱ्या पाण्याची नोकरी टाकून खोट्या पाण्यामागं चालून राहिला तू." माय एवढंच म्हणाली, "जेवत जाय."

अण्णा कालव्यावर पाटकरी होते. धरणाचं पाणी आमच्या शिवारात आलं की कालव्यातून फुटणाऱ्या कुठल्या चारीचं दार कधी उघडायचं, कुणाची पाळी कधी संपली, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. हुद्दा लहान, पण पाणी सुटलं की गावातली बडी मंडळीही त्यांना लांबून रामराम घालायची, आणि पाणी बंद झालं की तीच मंडळी ओळख द्यायची नाहीत. त्यांच्या वर मुकादम आणि मुकादमाच्या वर शाखा अभियंता. मला आलेली ऑर्डर त्या अभियंत्याच्या जागेची होती. म्हणजे मी हजर झालो असतो तर अण्णांना आपल्याच पोराला साहेब म्हणावं लागलं असतं. दुसऱ्या एखाद्या बापाला त्यात कमीपणा वाटला असता, अण्णा मात्र त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. आणि मी काय केलं, तर नांदेडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरवर कालव्याचं पाणी हलवून दाखवलं, तेवढ्यावर हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलं, आणि जाहिरातींसाठी खोटं पाणी, खोटा धूर, खोटे ढग करायला निघालो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मला न सांगितलेला माणूस गावात उरला नव्हता.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुमच्यातले काही अजूनही म्हणतात की पोरानं मोठी हिंमत केली. आज कबूल करतो, हिंमत नव्हती. मी भित्रा माणूस. अंधार, कुत्री, परीक्षा, विमान या सगळ्यांना भितो, पण सगळ्यात जास्त मी भ्यायचो ते कालव्याला. गावाच्या पुढे कालवा रस्त्याखालून जातो. तिथल्या मोरीच्या तोंडाशी पाणी भरून आलं की भोवरा धरायचा. वरून बघाल तर काही नाही, ताटलीएवढा खळगा, त्यात एखादं पान गरगर फिरतंय. मी चौथीत होतो तेव्हा त्या खळग्याजवळ पाणी प्यायला उतरलेलं एक वासरू माझ्यादेखत दोनदा फिरलं आणि आत गेलं. ओरडलं नाही. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला निघालं तेव्हा जसंच्या तसं होतं, फक्त हलत नव्हतं. त्यानंतर पाणी सुटायच्या आदल्या दिवशी अण्णा बाभळीची मोठी फांदी दोरानं बांधून मोरीच्या तोंडाशी सोडायला लागले. भोवरा त्या फांदीत अडकून मोडायचा. पण मी पुढची कितीतरी वर्षं शाळेला जाताना रस्त्याच्या त्या कडेनं चाललो नाही. असा माणूस कालव्यावर अभियंता होणार होता. पाटकऱ्याच्या पोराला पाण्याची भीती वाटते, हे बापाला सांगायचं कसं? त्यापेक्षा खोट्या पाण्याची हौस आहे असं सांगणं सोपं गेलं.

हैदराबादला सात वर्षं काढली. तिथं असतानाच आमचा जिल्हा बदलला. मी निघालो तो परभणी जिल्ह्यातून आणि पहिल्या दिवाळीला घरी आलो तो हिंगोली जिल्ह्यात. स्टँड तोच, लिंब तोच, पण पाट्या नव्या. त्यात हसण्यासारखं आहे, हे मला पासपोर्टचा अर्ज भरेपर्यंतच वाटलं. जन्माच्या दाखल्यावर परभणी, रेशन कार्डावर हिंगोली. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून माझ्याकडे बघितलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी खोटं बोलत नाही हो, जिल्हाच हलला, असं मी हिंदीत, इंग्रजीत आणि शेवटी हात जोडून सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, सही करा. मला ठाऊक असलेली भीती बहुतेक वेळा अशीच असते, समोरच्याला तिची खबरही नसते.

लंडनला गेलो ते एका सिनेमासाठी. तिथल्या एका स्टुडिओत आमचा सहा जणांचा गट होता आणि त्याची प्रमुख हेलन नावाची बाई. माझ्याकडे एकच दृश्य दिलं होतं. पुरात वाहत आलेली होडी एका भुयाराच्या तोंडाशी येते, तिथं पाण्याला भोवरा पडतो आणि होडी फिरत फिरत आत जाते. कागदावरचं चित्र बघितलं आणि मी तो कागद पालथा घातला. सात समुद्र ओलांडून आलो, आणि इथंही माझ्या टेबलावर मोरीच आणून ठेवलेली. अट साधी होती, तीन महिन्यांत पाणी जमलं पाहिजे. नाही जमलं तर नोकरी नाही, नोकरी नाही तर तिथं राहायचा परवाना नाही, आणि परवाना गेला की परतीचं विमान. परतायचं कुठं? ती ऑर्डर केव्हाच बाद झालेली. जागा दुसऱ्याला मिळालेली. अण्णांचा निवृत्तीचा काळ जवळ आलेला. खोट्या पाण्यातूनही हाकललेला पोरगा स्टँडवर उतरला तर ते गावाला काय सांगणार, हाच विचार मी सकाळी दात घासताना करायचो आणि दुपारी डबा उघडतानाही करायचो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना थोडक्यात सांगतो, कारण माझी सगळी भीती त्या थोडक्यातच होती. कॉम्प्युटर पाण्याचे चौकटीच्या वहीसारखे बारीक बारीक खाने पाडतो. सिनेमाचं प्रत्येक चित्र पुढं सरकलं की तो प्रत्येक खान्याला विचारतो, बाबा, तुझ्यात आत्ता आलेलं पाणी क्षणापूर्वी कुठं होतं? मग तो मागं जातो. पण ती जागा नेमकी एका खान्यात कधी सापडत नाही, आजूबाजूच्या चारपाच खान्यांच्या मधेच कुठंतरी पडते. मग तो काय करतो, त्या सगळ्यांची सरासरी काढतो आणि पुढं जातो. एकदा सरासरी काढली तर काही बिघडत नाही. पण एका सेकंदाला चोवीस चित्रं, आणि दर चित्राला सरासरी. दर वेळी वेगवान पाण्याचा थोडा वेग शेजारच्या मंद पाण्यात मिसळून जातो. पाणी तेवढंच राहतं, पण त्यातली तडफ झिजते. भोवरा धरतो, दोन गिरक्या घेतो आणि विरघळतो. चार सेकंदांनी तिथं काकवी वाहतेय असं दिसतं. खरं पाणी असं कधी मरत नाही. हिशेबातच ते मरतं.

आणि इथं मी एक गोष्ट सांगतो जी हेलनला कधी सांगितली नाही. भोवरा मेला की मला आतून बरं वाटायचं. रात्रभर मशिनं चालायची, सकाळी मी चित्रं लावून बघायचो, खळगा पडायला लागला की माझं बोट थांबवायच्या बटणाकडे जायचं, आणि तो विरघळला की मागं यायचं. पुढच्या क्षणी ध्यानात यायचं की आपली नोकरीही त्याच्याबरोबर विरघळतेय. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. एका चाचणीत तर मी भुयाराच्या तोंडाशी झाडाची एक वाळकी फांदी आडवी घालून ठेवली. का घातली ते मला सांगता आलं नसतं. पुरात फांद्या येतातच, असं मी मनाशी म्हटलं होतं. हेलननं चित्र थांबवलं आणि विचारलं, "ही कुणी मागितली होती?" मी माउस हातात घेतला. "मला भोवरा हवाय आणि तू तो मोडायची सोय करतोयस," ती म्हणाली. तिला कालवा माहीत नव्हता, मोरी माहीत नव्हती, तरी तिनं नेमकं बोट ठेवलं. त्या जागी बाभळीची फांदी ठेवायची असते, हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं आणि त्यातला एक त्या वेळी हट्ट्यात चहा पीत असेल. फांदी काढली. तरीही भोवरा मेलाच. म्हणजे मारेकरी फांदी नव्हती, हिशेबच होता.

उपाय जगात नव्हता असं नाही. शहाण्या लोकांनी त्यावर शोधनिबंध लिहिले होते आणि हेलननं त्यांतले तीन माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. एकात लिहिलं होतं की एक पाऊल पुढं जा, मग त्याच रीतीनं एक पाऊल मागं या, आणि निघाला होता तिथंच पोचला का ते बघा. मी वाचत होतो, पण डोक्यात शिरत नव्हतं. पुढं जाऊन परत मागं आलो तर चूक दुप्पट नाही का होणार? मला वाटायचं, यात काहीतरी मेख आहे, आणि ती मला कळत नाही कारण मी मुळात या कामाचा माणूसच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन महिन्यांतले दोन महिने संपले. हेलन मला बघून हसायची बंद झाली. जिन्यात कुणी दोघं हळू बोलताना दिसले की माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायचं. जेवण तुटलं. घरी फोन केला की माय विचारायची, जेवतो का, आणि मी व्हय म्हणायचो.

एका रविवारी फोन अण्णांनी घेतला. तोवर घरी मोबाईल आला होता, आणि अण्णा तो हातात धरून अंगणात जाऊन मोठ्यानं बोलायचे, लंडन लांब आहे म्हणून. मी काम नीट चाललंय असं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "आवाज काहून असा येऊन राहिला? तकलीफ हाय का काई?" मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, उन्हाळ्यात चारी साफ करायला वाटून देताना तुमी ती पावलांनी मोजत होता. जाताना मोजायची आणि येताना बी मोजायची. दोनदा काहून?"

त्यांना बरं वाटलं असावं, कारण आवाज लगेच पाटकऱ्याचा झाला. "जाताना उतार राहते. पाऊल लांब पडते, आकडा कमी येते. येताना चढ. पाऊल आखूड, आकडा जास्त. एकच आकडा धरला तर कोणाच्या तरी वाट्याला जास्त गाळ येते अन् भांडण लागते. चारी काई लहान-मोठी होत न्हाई रे. फरक निघाला तो आपल्या पायाचा. अर्धा जाताना चुकला, अर्धा येताना. मंग फरकातला अर्धा कमी आकड्यात घालायचा. बराबर येते."

मी फोन ठेवला आणि तो निबंध पुन्हा काढला. निबंधात तेच होतं. पुढं जा, मागं या, निघाल्या जागी जे पाणी होतं आणि परतल्यावर जे मिळालं त्यातला फरक काढा. तो फरक पाण्याचा नाही, तुमच्या चालीचा आहे. त्यातला अर्धा जाताना झिजला, अर्धा येताना. तेवढा अर्धा आधीच परत पाण्यात घाला आणि मग खरं पाऊल टाका. दोन महिने मी परदेशी लोकांच्या खुणांची गणितं बघत डोकं धरून बसलो होतो, आणि सबंध लहानपण मी ते गणित अण्णांच्या मागं मागं चालत पायांनी केलं होतं.

लगेच सगळं साधलं असं नाही. पहिल्याच रात्रीत पाणी उसळून पडद्याबाहेर गेलं. झिजलेलं परत देताना काही खान्यांना कुणाकडेच नव्हता एवढा वेग मिळाला होता. मग एक नियम घातला, की कुणालाही त्याच्या शेजाऱ्यांत सगळ्यात जास्त ज्याच्याकडे आहे त्याच्याहून जास्त द्यायचं नाही. असा नियम गावातल्या कुठल्याही पाळीला लागू पडतो. तिसऱ्या दिवशी सकाळी चित्रं लावली. खळगा पडला. दोन गिरक्या झाल्या, चार झाल्या, दहा झाल्या. मेला नाही. त्याच्या कडेला लहान लहान भोवरे सुटायला लागले, खऱ्या पाण्याला सुटतात तसे. होडीचं नाक वळलं आणि ती आत गेली. मी खुर्ची मागं सारून उठलो आणि न्हाणीघरात जाऊन ओकलो. परत आलो तर हेलन माझ्या जागी बसून तेच पुन्हा पुन्हा बघत होती. ती म्हणाली, "आता जमलं." परवाना राहिला. भीती गेली असं मात्र म्हणता येणार नाही, कारण आता ते पाणी मला रोज बघायचं होतं.

पुढच्या वर्षी मी गावी आलो तेव्हा ते दृश्य लॅपटॉपमध्ये घालून आणलं होतं. अण्णा निवृत्त झाले होते. लाइट नेहमीप्रमाणे दुपारची गेलेली, मशीन बॅटरीवर. ओसरीत बाजेवर आम्ही दोघं बसलो, माय खाली सुपात तूर पाखडत होती. मी म्हटलं, "अण्णा, हे माझं खोटं पाणी." त्यांनी चष्मा लावला. होडीकडे त्यांनी बघितलंच नाही. ते काठाकडे बघत होते, पाणी कुठून चढतंय, कुठं दबतंय, असं, चारीच्या दारावर उभं राहून बघायचे तसं. मग भुयाराच्या तोंडाशी खळगा पडला, आणि अण्णांच्या हातानं माझं मनगट धरून मला असं ओढलं की मी बाजेवरून खाली मायच्या सुपाशी येऊन पडलो. तूर सांडली. माय म्हणाली, "काय झालं? कोन बुडलं?"

अण्णांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो मांडीखाली घेतला. पडद्यावर होडी आत गेली. ते म्हणाले, "वाईट पानी हाय हे. लई वाईट." आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं शिफारसपत्र म्हणजे हे वाक्य. मग मी ते बोललो, जे स्टँडवर बोलायला हवं होतं. "अण्णा, मला कालव्याचं भ्या वाटत होतं. म्हनून गेलो."

"ठाव हाय," ते म्हणाले. "शाळंला जाताना तू मोरीच्या कडंनं कदी चालला न्हाई. मला काय दिसत न्हवतं व्हय?"

"मंग त्या नोकरीचा एवढा आग्रह काहून धरला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढं शिकून पोराला एवढंही कळू नये. "अरे, साहेब कदी पान्यात उतरते का? साहेब जीपमधून बघते अन् जाते. पान्यात पाटकरी उतरते. आपल्या घरातलं कोनी तरी लांबून बघनारं व्हावं, एवढंच मनात होतं माझ्या."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की त्यांना मानाची खुर्ची हवी होती. त्यांना फक्त मी काठापासून लांब हवा होतो. आमच्या दोघांची भीती एकच होती, आणि ती एकमेकांपासून लपवण्यात आम्ही एक सबंध नोकरी, एक स्टँड आणि आठ वर्षं घालवली. तुम्ही जे माझ्यासारखे निघून गेलात, तुम्हाला हे कळेल. घरच्यांनी आपल्याला अडवलं ते काय राखायला, हे विचारायचं आपल्या ध्यानातच येत नाही. आपण आपलं अडवलेलं तेवढं धरून बसतो.

अण्णा आता नाहीत. बाजेवर माय एकटी बसते, आणि तिथल्या घरात माझं म्हणावं असं एक कपाट आहे, त्याची किल्ली हरवलेली आहे. हट्टा बदललं आहे, मीही बदललो आहे, सुट्टीत गेलो तर दुकानदार मला पाहुणा समजून चांगला चहा देतात. मग घर कुठं आहे, असं कुणी विचारलं तर मला एकच जागा सांगता येते, आणि ती रविवारच्या फोनमध्ये आहे. मायला मी पन्नासदा सांगितलं की ते पाणी खोटं आहे, त्यात कुणी भिजतसुद्धा नाही. पण त्या दुपारी तिनं अण्णांना मला ओढताना पाहिलं आहे, आणि अण्णा पाण्याच्या बाबतीत कधी चुकले नाहीत. त्यामुळे ती आता जेवलास का असं विचारत नाही. ती विचारते, "पान्यापासून लांब बसतो ना रे?" मी म्हणतो, "व्हय माय, लांब बसतो." आणि सोमवारी सकाळी कामावर गेलो की मशीन चालू करायच्या आधी खुर्ची वीतभर मागे घेतो.